पाहुण्याच्या ताटातील ‘स्थानिक’ फळे : मिरजोळे-रत्नागिरी परिसराच्या फळसंस्कृतीचा एक ऐतिहासिक वेध

गोषवारा

कोकणातील पर्यटन केंद्रांत पाहुण्यांपुढे मांडल्या जाणाऱ्या फळांच्या ताटाला ‘अस्सल स्थानिक’ असे संबोधले जाते. प्रस्तुत निबंधात रत्नागिरी शहरालगतच्या मिरजोळे परिसरातील अशा एका ताटाच्या निमित्ताने या फळांच्या आगमनाचा, नामकरणाचा आणि लागवडीचा इतिहास तपासला आहे. फळाचे स्थानिकत्व त्याच्या मूळस्थानावरून ठरत नाही. ते कलम करणारे हात, जमिनीवरील हक्क आणि बाजारपेठ यांतून कालांतराने घडत जाते, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : रत्नागिरी, हापूस, काजू, कोकम, कलम, खोती, फलोद्यान योजना, कृषी पर्यटन.

प्रस्तावना

रत्नागिरी शहराला लागून असलेले मिरजोळे हे गाव आज बाहेरच्या माणसाला मुख्यतः औद्योगिक वसाहतीमुळे परिचित आहे. जांभ्या दगडाच्या कातळावर एका बाजूस कारखान्यांच्या शेड आणि दुसऱ्या बाजूस आंब्याच्या बागा, असे या परिसराचे संमिश्र रूप आहे. मे महिन्यात या परिसरातील एका निवासी पर्यटन केंद्रात मुक्काम करण्याचा योग आला. दुपारच्या जेवणापूर्वी पाहुण्यांपुढे केळीच्या पानावर हापूसच्या फोडी, फणसाचे कापे गरे, अननस, पपई, ओल्या काजूचे गर, करवंदे, जांभळे आणि शहाळ्याची मलई मांडण्यात आली. सोबत सोलकढी होती. ‘ही सर्व आमच्या मातीतली, वाडवडिलांपासूनची फळे’ असे यजमानांनी अभिमानाने सांगितले.

हे विधान खोटे म्हणता येणार नाही. वाढणाऱ्याच्या आजोबांनी ही सर्व फळे खाल्लेली असणार. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाला त्या एका पानावर निदान तीन निरनिराळे काळ एकत्र आलेले दिसतात. काही फळे सह्याद्रीच्या कुशीत जन्मलेली आहेत, काही अटलांटिक महासागर ओलांडून आलेली आहेत, आणि एक फळ, अर्थात हापूस, देशी वृक्षावर कलमाचा संस्कार होऊन घडलेले आहे. या तिन्हींना ‘वाडवडिलांपासूनची’ हे एकच विशेषण लावले की त्यांच्यामागील माणसांचा इतिहास झाकला जातो. तो उलगडण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व साधने

१) मिरजोळे-रत्नागिरी परिसरातील प्रमुख फळांचे मूळस्थान व आगमनकाळ पाहणे. २) फळांच्या नावांचा ऐतिहासिक साधन म्हणून कितपत उपयोग होतो, हे तपासणे. ३) फळबागांच्या विस्ताराचा जमीनधारणेशी व शासकीय धोरणाशी असलेला संबंध स्पष्ट करणे. त्यासाठी शिलालेख, सोळाव्या-सतराव्या शतकांतील युरोपीय लेखकांचे ग्रंथ, जमीनविषयक कायदे आणि प्रत्यक्ष निरीक्षण यांचा आधार घेतला आहे.

सह्याद्रीची आणि किनाऱ्याची जुनी फळे

पानावरील फळांपैकी फणस, जांभूळ, करवंद आणि सोलकढीतील कोकम ही निःसंशय या भूमीतील फळे होत. संस्कृत ‘पनस’ या शब्दावरून मराठी ‘फणस’ आला. पश्चिम घाट हे फणसाच्या मूळस्थानांपैकी एक मानले जाते. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त, म्हणजे सहाव्या शतकात, वृक्षायुर्वेदाच्या अध्यायात ज्या झाडांची कलमे करता येतात त्यांत फणस, जांभूळ आणि डाळिंब यांचा उल्लेख आहे. कलमाची कल्पना भारताला युरोपियांनी प्रथम दिली, असा जो समज आढळतो, तो या उल्लेखामुळे तपासून घ्यावा लागतो.

नारळाचा पुरावा याहून जुना आहे. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या लेखांत, साधारणतः इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात, नानंगोल गावातील ३२,००० आणि चिखलपद्र गावातील ८,००० नारळाची झाडे दान दिल्याचे नमूद आहे. यांपैकी पहिल्या दानाच्या संदर्भात शूर्पारक, म्हणजे सोपारा, या बंदराचा निर्देश येतो. हे लेख उत्तर कोकणाशी संबंधित असले, तरी त्यांवरून एक गोष्ट निश्चित होते. पश्चिम किनाऱ्यावर माड हा दोन हजार वर्षांपूर्वीच मोजून हस्तांतरित करण्याजोगे उत्पन्नाचे साधन झाला होता. पुढील काळातही किनाऱ्यावरील माड-पोफळींची आगरे ही महसुलाची महत्त्वाची बाब राहिली. ब्रिटिश अमदानीत १८७८ च्या अबकारी कायद्याने माडीवर जे निर्बंध व कर लादले, त्यांचा फटका माडावर चढून उपजीविका करणाऱ्या भंडारी समाजाला बसला. शहाळ्याची मलई खाताना हा इतिहास सहसा कोणाला आठवत नाही. रत्नागिरीजवळ भाट्ये येथे १९५५ पासून नारळ संशोधन केंद्र कार्यरत आहे, ही या दीर्घ परंपरेची अलीकडची कडी होय.

कोकमाची कथा वेगळी आहे. रातांब्याची साल वाळवून केलेली आमसुले, मिठातला आगळ आणि बियांचे मुठेल या तिन्ही वस्तू कोकणातील घराघरांत असत. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याने १५६३ साली गोव्यात छापून प्रसिद्ध केलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात या फळाची ‘ब्रिंदाँव’ या नावाने दखल घेतली आहे. हे नाव कोंकणीतील ‘भिरंड’ या शब्दाचे पोर्तुगीज रूप आहे. येथे परकीयाने देशी नाव उचललेले दिसते. असे असूनही कोकमाच्या पद्धतशीर लागवडीचा विचार फार उशिरा झाला. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ ही जात प्रसारित केली ती १९९७ साली. तोवर रातांबा हे परसात वा बांधावर आपोआप उगवणारे, बायकांनी वेचून-फोडून उन्हात घालायचे फळ होते. ज्या फळाचे मूळ येथलेच आहे, त्याला बाजारात व संशोधनात मानाचे स्थान सर्वांत उशिरा मिळाले, ही बाब विचार करण्याजोगी आहे.

समुद्रमार्गे आलेली फळे

अननस, पपई, पेरू, चिकू, काजू आणि सीताफळ ही सर्व फळे मूळची अमेरिका खंडातील आहेत. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला आला आणि १५०० मध्ये पोर्तुगीज जहाजे ब्राझीलच्या किनाऱ्याला लागली. या दोन घटनांमुळे ब्राझील, आफ्रिका आणि गोवा हे एकाच सत्तेच्या जलमार्गाने जोडले गेले. ‘अननस’ आणि ‘काजू’ हे दोन्ही शब्द ब्राझीलमधील आदिवासींच्या तुपी भाषाकुलातून पोर्तुगीजांमार्फत मराठीत आले. सोलकढीत ठेचून घातलेली मिरचीही त्याच मार्गाने आली. मात्र तिला काळ्या मिऱ्यावरून नाव मिळाल्यामुळे तिचे परकेपण कोणाच्या लक्षात येत नाही.

काजूच्या आगमनाचा काळ ग्रंथांच्या साहाय्याने बराच निश्चित करता येतो. ऑर्ताच्या १५६३ च्या ग्रंथात काजूचा उल्लेख नाही. ख्रिस्तोव्हाँव द कोश्ता याने १५७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कोचीच्या बागांत काजू पाहिल्याचे लिहिले आहे. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेला डच प्रवासी लिन्स्खोटेन आपल्या १५९६ च्या प्रवासग्रंथात काजूचे वर्णन करतो. ऑर्ताचे मौन हा काजू नसल्याचा निर्णायक पुरावा ठरत नाही. परंतु तिन्ही साधने एकत्र ठेवता, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात काजू पश्चिम किनाऱ्यावर रुजला, असे म्हणावयास हरकत नाही. अननसाचा प्रसार याहून वेगवान झाला. जहांगीर बादशहाने आपल्या आत्मवृत्तात फिरंग्यांच्या बंदरांतून आलेले हे फळ आग्र्याच्या बागेत हजारोंच्या संख्येने येत असल्याची नोंद केली आहे.

काजूचा प्रथम उपयोग बोंडासाठी झाला. गराचा मोठा निर्यात-व्यापार उभा राहिला तो विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. अमेरिकेतून आलेले झाड कोकणातल्या डोंगरउतारावर स्थिरावले आणि त्याच्या बिया भाजून, फोडून, सोलून पुन्हा अमेरिकेकडे जाऊ लागल्या. वेंगुर्ले येथे १९५७ साली स्थापन झालेल्या फळ संशोधन केंद्राने पुढे काजूच्या ‘वेंगुर्ला’ या नावाच्या जाती दिल्या आणि ब्राझीलच्या झाडाला कोकणातील गावाचे नाव लागले.

नावांच्या बाबतीत सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. रामफळ व सीताफळ ही नावे ऐकून ही फळे रामायणकालीन असावीत, अशी समजूत सहज होते. भारहूतच्या शिल्पांत सीताफळ कोरले असल्याचे अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी सुचविले होते. त्यावर वाद झाला. वनस्पतिशास्त्रज्ञ मात्र या फळांचे मूळ अमेरिकेतच मानतात. नवे फळ परिचित दैवतांच्या नावाने आपलेसे करण्याची लोकमानसाची रीत या नावांतून दिसते. ‘पेरू’ हे नाव पोर्तुगीज ‘पेरा’ म्हणजे नासपती या शब्दाशी जोडले जाते, देशाशी नव्हे. म्हणजेच देशी वाटणारे नाव परदेशी फळाचे असू शकते आणि परदेशी वाटणारे नाव भलत्याच वस्तूचे असू शकते. नाव हे समाजाने फळ कसे स्वीकारले याचे साधन आहे. फळ कोठून आले याचा पुरावा म्हणून ते अपुरे आहे.

हापूस : नाव आणि कलम

आंबा हा भारतीय वृक्ष आहे, हापूस मात्र घडविलेला आहे. कोयीपासून उगवलेले प्रत्येक झाड वेगळ्या गुणांचे निघते. त्यालाच आपण रायवळ म्हणतो. विशिष्ट झाडाचे गुण जसेच्या तसे टिकवायचे तर त्याच्या फांदीचे कलम करावे लागते. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत, विशेषतः ख्रिस्ती धर्मगुरूंच्या बागांत, आंब्यावर कलमाचे प्रयोग झाले आणि त्यांतून नाव धारण करणाऱ्या जाती निर्माण झाल्या, असे अभ्यासकांचे मत आहे. आंब्याविषयीचे पोर्तुगीजांचे कुतूहल ऑर्तापासूनच दिसते. मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होते आणि तेथील आपले एक झाड वर्षातून दोनदा फळते, असे त्याने नमूद केले आहे.

‘हापूस’ हे नाव गोवा जिंकणाऱ्या अफोन्सो द अल्बुकर्कवरून पडले, असे पर्यटन केंद्रांच्या माहितीपत्रकांत व वृत्तपत्रांत नेहमी वाचावयास मिळते. अल्बुकर्क १५१५ मध्ये मरण पावला. त्याच्या हयातीत वा त्यानंतर लगेच अशा आंब्याचे नाव आढळल्याचा समकालीन आधार या माहितीसोबत दिला जात नाही. याउलट सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व अठराव्याच्या आरंभी भारतात राहिलेल्या निकोलाव मनुची या इटालियन लेखकाने गोव्याच्या उत्तम आंब्यांची यादी दिली आहे. तीत ‘निकोलाव अफोन्सो’ या नावाचा आंबा प्रारंभीच येतो. त्याच यादीत ‘मलाइअस’, ‘करेरा ब्रांका’, ‘जुवाँव परेरा’ अशीही नावे आहेत. यांतील काही नावे उघडच व्यक्तींची आहेत. त्यामुळे हापूसचे नाव विजेत्या गव्हर्नरापेक्षा निकोलाव अफोन्सो नामक व्यक्तीशी जोडणे अधिक सयुक्तिक वाटते. मनुचीच्या यादीतील आंबा म्हणजेच आजचा हापूस, हे सिद्ध झाले आहे असा दावा येथे नाही. परंतु उपलब्ध पुराव्याचा कल त्या दिशेने आहे.

हा केवळ नावाचा वाद नाही. फळाचे श्रेय सेनापतीला द्यायचे की बागेत काम करणाऱ्याला, असा प्रश्न त्यात गुंतलेला आहे. कलम म्हणजे मूळ झाडाचीच पुढे वाढत राहिलेली फांदी. आज मिरजोळ्याच्या कातळावर उभे असलेले प्रत्येक हापूसचे झाड हे पूर्वी केव्हा तरी कोणाच्या तरी नजरेत भरलेल्या एखाद्या झाडाचा विस्तार आहे. ती फांदी पिढ्यान्पिढ्या ज्या माळ्यांनी, गड्यांनी कापली, बांधली आणि जगवली, त्यांपैकी एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही.

कातळ, कूळ आणि कलम

हापूस रत्नागिरीत कधी आला, यापेक्षा त्याची लागवड कोण करू शकत होते, हा प्रश्न सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. रत्नागिरी जिल्ह्याचा मोठा भाग खोती पद्धतीखाली होता. सरकार आणि शेतकरी यांच्यामध्ये खोत हा वसूल करणारा मध्यस्थ असे. १८८० च्या खोती सेटलमेंट कायद्याने या व्यवस्थेला नवे कायदेशीर रूप दिले. कुणबी व अन्य कष्टकरी जातींतील कुळे खाचरात भात आणि डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नाचणी-वरी पिकवीत.

भात चार महिन्यांत हाती येते. आंब्याचे कलम चांगले उत्पन्न देऊ लागण्यास अनेक वर्षे जातात आणि त्यानंतर ते दोन-तीन पिढ्या फळ देते. पायाखालची जमीन उद्या आपल्याकडे राहील याची ज्याला शाश्वती नाही, तो असे झाड लावण्यास कशासाठी धजेल? फळबाग ही मुळातच जमिनीवरील हक्क, हाताशी भांडवल आणि थांबण्याची ऐपत असलेल्या वर्गाची गोष्ट होती. कुळाच्या घरातील कर्ता पुरुष मुंबईच्या गिरणीत जाई आणि त्याच्या मनीऑर्डरीवर घर चाले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेण्यात आला. प्रत्यक्ष खोती निर्मूलन स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या कायद्याने झाले. पुढे कूळ कायद्यानुसार १ एप्रिल १९५७ या ‘कृषक दिना’पासून कसणाऱ्याच्या मालकीचे तत्त्व अमलात आले. या तारखा सामान्यतः जमीनसुधारणेच्या प्रकरणात शिकविल्या जातात. त्या कोकणच्या फळांच्या इतिहासातही तितक्याच महत्त्वाच्या आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. सामान्य शेतकऱ्याच्या दारात कलम उभे राहण्यासाठी आधी सात-बाऱ्यावर त्याचे नाव लागणे आवश्यक होते.

१९९० नंतरचा विस्तार

१९७२ मध्ये दापोली येथे कोकण कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. जुन्या भेट कलमापेक्षा सोप्या व स्वस्त अशा कोय कलमाच्या प्रसारामुळे रोपवाटिकांतून मोठ्या संख्येने कलमे मिळू लागली. नीलम व हापूस यांच्या संकरातून १९८१ मध्ये आलेली ‘रत्ना’ ही जात हापूसमधील साक्याचा दोष टाळण्यासाठी काढलेली होती. ग्राहकाने मात्र हापूसचाच आग्रह धरला.

खरा बदल १९९०-९१ मध्ये झाला. महाराष्ट्र शासनाने रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड योजना सुरू केली आणि पात्र शेतकऱ्यांस शंभर टक्के अनुदान दिले. स्वतःच्या जमिनीत खड्डे खणण्याची मजुरी मिळू लागली. पडीक वरकसावर, तसेच सुरुंगाने कातळ फोडून बाहेरची माती भरलेल्या खड्ड्यांतही आंबा-काजू उभे राहिले. म्हणजेच आज ‘वाडवडिलांपासूनची’ वाटणारी अनेक बागाईत अवघ्या तीन-साडेतीन दशकांची आहे.

या विस्ताराची किंमतही मोजावी लागली. एकाच जातीवर भर पडल्यामुळे मोहोराच्या वेळी पाऊस वा ढगाळ हवा आली की साऱ्या पंचक्रोशीचे अर्थकारण कोलमडते. फवारणी, खते आणि राखण यांचा खर्च वाढला. अनेक लहान बागायतदार बाग कराराने देतात. बागेत काम करणारे व राखण करणारे हात पुष्कळदा नेपाळातून आलेल्या मजुरांचे असतात. पेटीचा दर वाशीच्या बाजारात ठरतो. हापूसच्या बागा वाढत गेल्या तसतशी रायवळची जुनी झाडे तुटली. शेप्या, खोबऱ्या, साखऱ्या अशा चवीवरून वा वासावरून नावे पडलेली ती झाडे होती. त्यांतील प्रत्येक झाड एकमेव असल्याने, एक झाड पडले की एक चव कायमची संपते.

२०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतील हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे इतर राज्यांतील आंबा ‘कोकणचा हापूस’ म्हणून विकण्यास कायदेशीर आडकाठी आली, हे योग्यच झाले. परंतु त्याच सुमारास आफ्रिकेतील मलावी देशातून, कोकणातून नेलेल्या कलमांपासून वाढविलेला हापूस, आपल्याकडे हिवाळा असताना वाशीच्या बाजारात येऊ लागला. गोव्यातून रत्नागिरीत आलेली फांदी रत्नागिरीतून पुढे गेली, एवढाच त्याचा ऐतिहासिक अर्थ. कायदा फळाला सीमा घालू शकतो, परंतु कलमाचा स्वभाव प्रवास करण्याचाच आहे.

पाहुण्याच्या ताटाचा अर्थ

राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण जाहीर केले. न्याहारी-निवास, बागेतील मुक्काम आणि फळांचा आस्वाद यांतून शेतकरी कुटुंबास पूरक उत्पन्न मिळते, ही समाधानाची बाब आहे. विशेषतः कोकम सरबत, आंबापोळी, फणसपोळी यांना दारातच गिऱ्हाईक मिळाल्याने स्त्रियांच्या श्रमाला प्रथमच रोख मोल येऊ लागले आहे. मात्र पाहुण्याला जी कथा सांगितली जाते, तीत अल्बुकर्क असतो, निसर्ग असतो आणि ‘परंपरा’ असते. कूळ, कलम बांधणारा, काजू सोलताना चिकाने हात भाजून घेणारी स्त्री आणि रात्री बागेत जागणारा नेपाळी गडी त्या कथेत नसतात.

ज्या केंद्रात आम्ही उतरलो होतो, तेथे पाने उचलण्यास आलेल्या वृद्ध बाईंना ‘आजी, तुमच्या लहानपणी घरी हापूस असायचा का?’ असे विचारले. त्या म्हणाल्या, ‘हापूस खोताकडं. आमच्याकडं रातांबे नि फणस.’ शिलालेख, प्रवासवृत्ते आणि कायदे यांतून जे निष्कर्ष काढावयाचे, त्यांतील बराचसा भाग या उत्तरात आला होता. एकाच पानावर शेजारी शेजारी वाढलेली फळे दोन पिढ्यांपूर्वी एका घरात नव्हती.

निष्कर्ष

१) मिरजोळे-रत्नागिरी परिसरातील ‘स्थानिक’ फळांत देशी, अमेरिकेतून आलेली आणि कलमाने घडविलेली असे तीन थर आहेत. सोळाव्या शतकातील पोर्तुगीज जलमार्ग हा त्यांतील निर्णायक दुवा होय.

२) फळांची नावे ही स्वीकाराची साधने आहेत, मूळस्थानाचा पुरावा म्हणून ती स्वतंत्रपणे विश्वसनीय नाहीत. हापूसच्या नावाबाबत अल्बुकर्कच्या प्रचलित कथेपेक्षा मनुचीची नोंद अधिक विचारार्ह आहे.

३) फळबागांचा सार्वत्रिक विस्तार हा खोती निर्मूलन, कूळ कायदा आणि १९९०-९१ ची फळबाग योजना यांचा परिणाम आहे. जमिनीवरील हक्काखेरीज दीर्घायुषी झाडाची लागवड सामान्य शेतकऱ्यास शक्य नव्हती.

४) मूळच्या फळांना, म्हणजे कोकम, फणस व रायवळ आंब्याला, आश्रय उशिरा व अपुरा मिळाला. रायवळ झाडांची गाववार नोंद आणि वृद्धांच्या मौखिक आठवणींचे संकलन हे काम इतिहास व वनस्पतिशास्त्र विभागांनी विद्यार्थ्यांच्या मदतीने संयुक्तपणे हाती घेण्याजोगे आहे. सांगणारी पिढी हयात आहे तोवरच ते शक्य आहे.

पर्यटन केंद्रांनी फळांसोबत त्यांचा खरा इतिहास वाढला, तर चवीत काही उणे येणार नाही. ‘आमच्या मातीतली फळे’ हे यजमानांचे शब्द तेव्हाही खरेच राहतील. मात्र ती माती कोणाच्या नावावर होती आणि तीत कोणाचा घाम मिसळला, हेही पाहुण्याला कळेल.